हात पोचला पाहिजे

आमच्या बैठकीत पाऊल टाकलं की आधी दिसायची ती फ्रिजची पाठ. काळी जाळी, वाकड्यातिकड्या नळ्या आणि खाली गुरगुरणारा तो डबा, सगळं उघडं. मधल्या दारात फ्रिज असा उभा केलेला की तोंड स्वयंपाकघरात आणि पाठ पाहुण्यांकडे. हा फ्रिज माझ्या बाबांनी लग्नात दिला होता. दारावर लाल फुलं असलेला मुद्दाम निवडला होता, चारचौघांत दिसावा म्हणून. नवी नवरी होऊन आले तेव्हा मला वाटलं, अजून जागेवर लावायचा राहिला असेल. काही दिवस वाट पाहिली आणि मग हिंमत करून सासऱ्यांना विचारलं. आमच्या भागात सासऱ्याला मामाजी म्हणतात.

“मामाजी, फ्रिज उलटा लागला वाटते.”

“उलटा नाही, बराबर हाय.”

“पन पाहुन्याईले पाठ दिसते जी.”

“पाठच दिसली पाह्यजे. तोंडाले काय होते? कचरा जमते तो पाठीले. हात पोचला पाह्यजे, सूनबाई. हात नाही पोचला का घान साचते, आन घान साचली का मशीन मरते.”

एवढं बोलून ते फडकं घेऊन त्या नळ्या पुसायला बसले. हे वाक्य मी पुढे इतकं ऐकलं की झोपेतसुद्धा म्हटलं असतं.

आता ते नाहीत. फ्रिज आहे, आणि अजून तसाच उभा आहे. पण त्या दिवसांत मला त्या माणसाची लाज वाटायची. खरं तेच सांगते. लग्नाआधी माणसाला वाटतं, सासरा रागीट निघेल, कंजूष निघेल, दारुडा निघेल. माझा यातलं काहीच निघाला नाही. तो असा निघाला की लोकांना सांगायला शब्द नाही, आणि लपवायला जागा नाही.

सोफ्याच्या बुडाचं कापड त्यांनी कापून टाकलं होतं, स्प्रिंगा दिसाव्यात म्हणून. देवघर भिंतीपासून हातभर पुढे ओढलेलं. “देवाच्या मांगं जाळे राहिले तं देव काय म्हनन?” मोबाईलला मागचं झाकण नाही, बॅटरी रबरानं बांधलेली. ज्याची बॅटरी निघत नाही तो फोन मुलानं आणून दिला, तर त्यांनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला आणि परत दिला. “याले तोंडच नाही. दुखलं तं सांगन कसा?” आणि सगळ्यांवर कळस म्हणजे न्हाणीघर. नळाचा पाईप फुटला की भिंत फोडावी लागते, म्हणून त्यांनी नळाच्या मागे भिंतीत एक खिडकी पाडली, बाहेरून उघडणारी! आंघोळीला गेलं की दाराच्या आधी त्या खिडकीची कडी पाहायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एक दिवस हळूच म्हणाल्या, “बाई, तुले मशीन येते नं? त्या खिडकीले मोठा पडदा शिव बाप्पा.” सासरी आल्यावर मी केलेलं पहिलं शिवणकाम ते.

दुसरं काम मात्र माझ्या मुळावर आलं.

माझं माहेर कारध्याचं, वैनगंगेच्या अलीकडे भंडारा आणि पलीकडे आमचं गाव. लग्नाआधी मी भंडाऱ्यात शिवण शिकले होते. ब्लाउजची माझी फिटिंग चांगली, असं बायका म्हणायच्या. सासरचं गाव मोहाडीकडचं. तिथे मशीन मांडलं आणि मामाजी कापड घेऊन हजर.

“मले दोन शर्ट शिव. शिवन बाहेर.”

“बाहेर म्हंजे?”

“म्हंजे बाहेर. टाके दिसले पाह्यजे. उसवला का दिसते, दिसला का शिवता येते. तुमचे लोकं टाके अंगाकडे लपवतेत. मंग शर्ट उसवते तवा मालूम पडते जवा हात अंदर जाते.”

सासऱ्याला नाही म्हणता येतं का? शिवले. कडा नीट दुमडून, दोरा काढून, जमेल तेवढं देखणं केलं. पण उलटा शर्ट तो उलटा शर्टच. ते घालून मामाजी अख्ख्या गावात फिरले, आणि कोणी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचे, “सुनेनं शिवला.” झालं! मोहाडीच्या बाजारात बाया मला पाहून पदरात हसायच्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, “काहून वं, सुलटा नाही येत का तुले?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर ब्लाउजचं एक काम मिळालं नाही.

भंडाऱ्यात एकदा भांड्यांच्या दुकानात ते माझ्यासोबत होते. दुकानदार चांगला माणूस, हळूच म्हणाला, “काका, शर्ट उलटा झाला वाटते.” मामाजींनी त्याच्या चकाचक पितळी घागरी पाहिल्या, एक उचलली, पालथी केली आणि बुडाचा डाग दाखवला. “शर्ट उलटा नाही. तुमची दुकान उलटी हाय.” मी घागर न घेताच बाहेर आले.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांच्या उजव्या हाताकडे पाहून कळायचं. मधल्या बोटाला नख नव्हतं आणि बोट पुढून वाकडं. निवृत्तीपर्यंत ते एका सरकारी वर्कशॉपात डिझेल मेकॅनिक होते. डिझेल इंजनाला एक पंप असतो, तो सिलिंडरात डिझेल फवारतो. ते फवारणं ठरल्या घडीला झालं पाहिजे. मामाजी मला फोडणीचं उदाहरण द्यायचे: तेल तापायच्या आधी मोहरी टाकली तर भिजते, उशिरा टाकली तर जळते, इंजनाचंही तेच. ही घडी बसवायची म्हणजे पंप थोडा इकडेतिकडे फिरवायचा, आणि फिरवायला तीन नट सैल करायचे. दोन समोर. तिसरा इंजनाच्या अंगाला चिकटून, मागे, जिथे पाना जात नाही आणि बोट जातं ते सोलून निघतं. त्या तिसऱ्या नटानं त्यांचं नख खाल्लं होतं.

“ज्यानं हे बनवलं तो कधी खोलाले बसलाच नसन,” ते म्हणायचे. आणि हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर चढायचा, जणू तो माणूस समोर बसला आहे.

घरच्या जुन्या ट्रॅक्टरवर त्यांनी त्याचा सूड घेतला होता. पंपाची गरारी, म्हणजे दातेरी चाक, एक दाता पुढे बसवली आणि तेवढाच हिशेब भरून काढायला पंपच बाहेरच्या बाजूला झुकवला. कंपनीनं पंपावर कोरलेली खूण आता इंजनावरच्या खुणेला जुळत नव्हती, पण घडी बरोबर होती, आणि तिसरा नट इंजनाच्या पोटातून निघून असा समोर आला की लहान लेकरानं खोलावा. ट्रॅक्टर वर्षानुवर्षं उत्तम चालला. पाहुणे आले की मामाजी त्यांना चहाच्या आधी तो नट दाखवायला न्यायचे. माझी मावशी आली होती तिलाही दाखवला. मावशी म्हणाली, “चांगला हाय जी नट.” दुसरं काय म्हणणार बिचारी!

आता बाबांकडे वळते, कारण खरी गोष्ट त्या दोघांची आहे.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. त्यातही मुलाचा बाप म्हणजे काय विचारू नका. इवाई दारात आला की पितळी गडव्यात पाय धुवायला पाणी, टेकायला लोड, ताटात वडे आणि पातोडीची भाजी, निघताना दुपट्टा नि नारळ. इवाई जेवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. आणि मुख्य म्हणजे इवायाला ‘नाही’ म्हणायचं नाही. तो म्हणेल त्याला ‘हाव जी’. माझे बाबा तसे घरात शब्द खाली पडू न देणारे, पण मामाजी आले की त्यांच्या तोंडात दुसरा शब्दच नसायचा.

एका उन्हाळ्यात बाबांनी जुना ट्रॅक्टर घेतला, दुसऱ्या कंपनीचा. मामाजी पाहायला आले. मीही माहेरी होते. पाय धुऊन झाले तसे मामाजी लोडाकडे न जाता सरळ ट्रॅक्टरकडे गेले आणि पंपाच्या मागे हात घातला.

“इवाई, हा तिसरा नट कोन खोलते?”

“आमी कायले खोलतो जी? मिस्त्री खोलते.”

“मिस्त्रीच्या हाताले काय हाड नाही? एक दाता सरकवून देतो. जिंदगीभर नाव काढान.”

“हाव जी,” बाबा म्हणाले.

मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. चांगला चालता ट्रॅक्टर होता हो! पण बोलणार कोण? मामाजींनी पिशवीतून पाने काढले, तो उलटा शर्ट खोचला आणि अंगणात मांडी घालून बसले. शेजारपाजारचे जमले. आमच्या गल्लीत माझा सासरा, शिवणी बाहेर काढलेला शर्ट घालून, माझ्या बापाच्या ट्रॅक्टरचं पोट उघडून बसलेला. मी आत जाऊन कारण नसताना तांदूळ निवडत बसले.

काम झालं. इंजन सुरू झालं, पण पांढरा धूर सोडू लागलं. मामाजींनी कान दिला. “पाइपात हवा हाय. निघन. चला, एक चक्कर बांधीत मारून पाहू, लोड देल्ल्याबिगर इंजन खरं बोलत नाही.” बांधी म्हणजे आमच्याकडे धानाच्या, भाताच्या शेताचा बांध घातलेला तुकडा. तेवढ्यात आतून आई म्हणाली, वडे थंडे होऊन राहिले. बाबांनी हात जोडले, “आधी जेवून घ्या जी. ट्रॅक्टर कुठी पयते?” इवाई उपाशी आणि यजमान ट्रॅक्टरवर, हे त्यांना सहन होईना. मामाजी जेवले. जेवणावर दुपट्टा झाला, दुपट्ट्यावर नारळ झाला, आणि बसची वेळ झाली. चक्कर राहूनच गेली. जाताना ते बाबांना म्हणाले, “कोनाले हात लावू देऊ नका. काही वाटलं तं मले सांगा.”

“हाव जी,” बाबा म्हणाले.

पावसाळा लागला. धानाच्या शेतीत चिखलणी झाल्याशिवाय रोवणा होत नाही, आणि रोवणा म्हणजे पऱ्हे, धानाची रोपं, काढून चिखलात लावणं. ते वेळेतच व्हावं लागतं. पऱ्हे जास्त दिवस राहिले की त्यांच्या कांडीला गाठ येते, मग लावून उपयोग नाही. सगळीकडे ट्रॅक्टर चिखलात फिरू लागले आणि आईचा फोन आला. आवाज दबका.

“बाई वं, तुह्या सासऱ्यानं ट्रॅक्टरचं वाटोळं केलं. बांधीत उतरला का मरते. नुसता धूर.”

“मंग मिस्त्रीले बलवा नं!”

“तुहे बाबा आयकतेत काय? इवायाच्या हातचं काम हाय म्हन्तेत, दुसऱ्याच्या हातानं उलटवलं आन त्याईले समजलं तं आपल्या पोरीले तिथं कोन काय बोलन? तुले माही शपथ हाय, तिथं तोंड उघडू नोको.”

भाड्यानं दुसऱ्याचा ट्रॅक्टर त्या दिवसांत सापडतो का? ज्याचा त्याला पुरत नाही. भाऊ कोणाची तरी बैलजोडी आणून कोपऱ्या-कोपऱ्यानं चिखलणी करत होता. आणि हे सगळं माझ्यासाठी. मला कोणी बोलू नये म्हणून माझा बाप पऱ्हे पिवळे पडताना पाहत बसला होता. मी मशीनवर बसायचे आणि पाय चालायचे नाहीत.

इकडे ओट्यावर मामाजींचा फोन चालायचा, स्पीकर लावून, बॅटरी अंगठ्यानं दाबून.

“इवाई, ट्रॅक्टर कसा हाय?”

“लय मस्त जी! हवा निघाली. रोवना लागला.”

“नट?”

“नट तं एकदम समोर जी.”

मामाजी माझ्याकडे पाहून हसायचे. “पाह्यलं? एक दाता!” मी चहाचा कप ठेवायचे आणि मान खाली घालून आत यायचे. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रात्री सगळं सांगितलं. हे म्हणाले, “बाबाले कोन सांगन? तूच सांग.” वा रे बहाद्दर! मुलगा सांगत नाही आणि सुनेनं सांगायचं.

मी कदाचित कधीच बोलले नसते. पण मामाजींनी चौकात जाऊन कारध्याच्या इवायाच्या ट्रॅक्टरची कीर्ती गायली, आणि गावातले दोघे जण आपापला ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणाले. एकाचा अगदी बाबांच्याच कंपनीचा. ऐन रोवण्यात! म्हणजे अजून दोन घरांची चिखलणी बसणार. आता सांगावं, मग सांगावं, असं करत मी पदराच्या टोकाला गाठी मारत राहिले. आणि त्या लोकांना कौतुकानं ऐकवायला मामाजींनी कारध्याला फोन लावला.

“इवाई, ट्रॅक्टर चालू हाय का? फोन जरा इंजनाजवळ धरा. हे लोकं आयकू म्हनून राहिले.”

थोडा वेळ काहीच नाही. मग फोनमधून दणकट, स्वच्छ आवाज आला. जमलेले दोघे मान डोलावू लागले. मामाजींनी डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले.

“इवाई, हे तुमचं इंजन नोहे.”

“माहंच हाय जी.”

“म्या आयकलं हाय तुमचं इंजन. हे दुसऱ्याचं हाय. तुमचं कुठी हाय?”

फोन कटला. बाबा फोन घेऊन शेजाऱ्याच्या बांधीवर धावत गेले होते, हे मला नंतर कळलं.

मामाजी माझ्याकडे वळले. “सूनबाई, तुहे बाबा खोटं काहून बोलून राहिले?”

“मले नाही मालूम जी,” मी म्हटलं.

त्यांनी जास्त विचारलं नाही. पान्यांची पिशवी उचलली आणि म्हणाले, “चाल.” एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं शर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. भंडाऱ्यात उतरून ऑटो केला, पूल ओलांडला. एवढ्या वाटेत ते एकदाच बोलले. “माही काही गलती झाली असन.”

बांधीच्या मधोमध ट्रॅक्टर रुतलेला, वर ताडपत्री टाकून झाकलेला. मेलेल्या माणसावर टाकतात तशी. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोवण्याच्या बाया हात बांधून बसलेल्या, भाऊ एका कोपऱ्यात बैलांमागे. बाबांनी आम्हाला येताना पाहिलं. आणि काय करावं त्यांनी? वळले नि घराकडे पळत सुटले, पाय धुवायचं पाणी आणायला! बायका हसल्या. मला रडू आलं.

मामाजी पँट वर करून चिखलात उतरले. ताडपत्री काढली, इंजन लावलं, पांढऱ्या धुराचा लोट निघाला. बंद केलं. मग पंपाचं समोरचं झाकण खोललं, भावाला म्हणाले, इंजन हातानं जरासं फिरव. गरारी फिरली. मामाजी पाहत राहिले.

“अरे बाप्पा,” ते म्हणाले. “याचा पंप उलटा फिरते.”

सासरच्या आमच्या ट्रॅक्टरचा पंप ज्या बाजूला फिरायचा, त्याच्या उलट बाबांचा फिरत होता. तिथे एक दाता नि पंपाचं झुकणं एकमेकांना पुसून टाकत होते. इथे चुकीत चूक मिळून घडी पार मागे गेली होती. बांधीत एक चक्कर मारली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

बाबा गडवा घेऊन धापा टाकत आले. “इवाई, आधी पाय धुवा जी.”

मामाजी गुडघ्यापर्यंत चिखलात होते. त्यांनी गडव्याकडे पाहिलं, मग धुऱ्यावरच्या बायांकडे. आणि मोठ्यानं म्हणाले, “बायाहो, आयका. हा ट्रॅक्टर म्या बिघडवला. इवायाची काही चुकी नाही. तुमची मजुरी माह्यामुळं बुडाली.”

“नका जी, असं नका बोलू! लोकाईसमोर...” बाबांनी हात जोडले. गडवा कलंडून सगळं पाणी सांडलं.

“लोकाईसमोरच बोलाचं असते. इवाई, म्या तुमच्या इंजनाची घडी चुकवली, ते तं एक दात्याचं काम हाय, आत्ता होते. पन तुमी मले माह्याच चुकीपाशी हात पोचू नाही देल्ला.” त्यांनी चिखलाचा हात शर्टाला पुसला. “वडे चारले. दुपट्टा घातला. हाव जी, हाव जी केलं. आन इकडं घान साचली.”

बाबांनी कलंडलेला गडवा सरळ केला. त्यांची मान इतकी खाली मी कधी पाहिली नव्हती. एकाचं पीक जात होतं, दुसऱ्याची अब्रू जात होती, आणि दोघेही एकमेकांची माफी मागायला चिखलात उभे होते.

मग मामाजी माझ्याकडे वळले. मला वाटत होतं, वळू नयेत.

“तुले मालूम होतं?”

“हाव जी.”

“मंग बोलली काहून नाही?”

“लाज वाटली जी.”

“कोनाची?”

रागानं नाही विचारलं. खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारलं. पंपाच्या मागे हात घालून चाचपावं तसं. मामाजींची लाज वाटत होती, की बाबांची, की उलटा शर्ट शिवणाऱ्या माझी? घडी सुधारायला मामाजींनी पाना घेतला, तिसरा नट सैल केला, हात अगदी सहज पोचला, आणि मी मात्र तिथेच उभी राहिले.

संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर बांधीतून फिरू लागला. मामाजी स्वतः चालवत होते. रोवणा झाला, पण उशिरा झाला, आणि त्या साली बाबांचं धान कमीच पिकलं. ते काही कोणाला भरून देता आलं नाही. गावी परत आल्यावर मामाजी त्या दोघांच्या घरी स्वतः गेले आणि सांगितलं, तुमच्या ट्रॅक्टरले हात लावत नाही, एक बिघडवून आलो. चौकात काही दिवस त्यांना ‘एक दाता’ म्हणून चिडवलं लोकांनी. ते ऐकून घ्यायचे. मला मात्र घरात बसून कान गरम व्हायचे.

पुढच्या उन्हाळ्यात भावाचं लग्न ठरलं. बाबा भंडाऱ्याहून कापड घेऊन माझ्याकडे आले. इवायाला मांडवात आहेर करायचा असतो, पोशाख द्यायचा असतो.

“बाई, तुह्या मामाजीच्या मापाचा शर्ट शिवून दे.”

“हाव.”

ते घुटमळले. दाराशी जाऊन परत आले. “तसाच शिव. शिवन बाहेर.”

मी बाबांकडे पाहिलं. ते फ्रिजच्या पाठीकडे पाहत होते. शर्ट मी शिवला, पण मन थाऱ्यावर नव्हतं. हे मांडवात, सगळ्या गोतासमोर? मुलीकडचे काय म्हणतील? दोरा तुटला, सुई मोडली, आणि शेवटची शिवण घाईत मारली.

मांडव भरला होता. आहेराची वेळ आली. बाबांनी कपाळाला कुंकू लावलं, टोपी दिली आणि घडी उलगडून शर्ट पुढे केला. शिवणी लोकांकडे. नवरीकडचे एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी फिसकन हसलं. मामाजींनी शर्ट दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरला. मग अंगावरचा काढून तिथल्या तिथे तो घातला, आणि सवयीनं अंगठा शिवणीवरून फिरवत आणला. काखेशी थांबला.

“इवाई,” ते म्हणाले, “इथं टाका सुटला हाय.”

इवायानं आहेरात खोट काढली होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण टाका माझा होता. आईनं डोळे मिटले. आता बाबा हात जोडणार, हाव जी म्हणणार.

बाबांनी मान वर केली. “मंग लावून घ्या नं जी!” ते ओरडलेच जवळजवळ. “हात तं पोचते!”

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग मामाजी हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, वाकून, बाबांच्या खांद्यावर हात टेकून. बाबाही हसत होते आणि दुपट्ट्यानं डोळे पुसत होते.

“सूनबाई,” मामाजींनी हाक मारली, “सुई आन.”

“अंगावरचा कपडा शिवू नये वं!” आई म्हणाली. कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी सुईदोरा घेऊन बायांच्या घोळक्यातून बाहेर आले. नवरीकडचे पाहत होते, सासरच्या पाहुण्यांत मोहाडीच्या बाजारातल्या त्या हसणाऱ्या बायाही आल्या होत्या, पोरं मोबाईल वर धरून उभी होती. मामाजींनी हात उचलून धरला. माझे दोन्ही हात गुंतलेले, पदर डोक्यावरून घसरला, तो घसरू दिला, आणि साऱ्या मांडवासमोर मी माझा सुटलेला टाका शिवला.